अव्यक्त समीकरणांचे आसंजन
ज्या समीकरणात इष्ट राशी एका बाजूस वेगळी मांडता येत नाही, त्यास अव्यक्त समीकरण म्हणतात. निरीक्षणांशी त्याचा मेळ घालून त्यातील अज्ञात स्थिरांक ठरविणे, हे त्याचे आसंजन होय. योहानेस केप्लर यांचे १६०९ मधील म = उ − वि ज्या उ हे समीकरण याचे अभिजात उदाहरण आहे. यात म हा कालाच्या प्रमाणात वाढणारा कोन, उ हा कक्षेतील स्थान दर्शविणारा कोन व वि ही कक्षेची विमध्यता आहे. निरीक्षकास काल ज्ञात असतो. उ मात्र पुनःपुन्हा सुधारूनच काढावा लागतो. ही रीत भारतात जुनी असून पहिल्या भास्कराचार्यांनी सातव्या शतकात महाभास्करीयात मंदकर्णासाठी असकृत्कर्म, म्हणजे वारंवार करावयाची कृती, सांगितली आहे.

लझांद्र यांनी १८०५ मध्ये लघुतम वर्ग पद्धती प्रसिद्ध केली व गौस यांनी १८०९ च्या ग्रंथात ती कक्षागणिताशी जोडली. तेव्हापासून हे गणित दुहेरी झाले : प्रत्येक निरीक्षणासाठी समीकरण सोडवावयाचे आणि फरकांच्या वर्गांची बेरीज किमान होईपर्यंत स्थिरांक बदलून सर्व आकडेमोड पुन्हा करावयाची. पृथ्वीची विमध्यता ०·०१६७ असल्याने साध्या पुनरावृत्तीने दोन फेऱ्यांत त्रुटी सहस्रांशाहून कमी होते. विमध्यता ०·८८८ असेल, तर निकटबिंदूजवळ त्यासाठी सु. ६० फेऱ्या लागतात. न्यूटन यांची रीत जलद असली, तरी आरंभीचे अनुमान चुकल्यास ती भरकटू शकते.

इतकी विमध्यता असलेली कक्षा महाराष्ट्रातूनच उजेडात आली. पुणे-नाशिक मार्गावर चाकणच्या उत्तरेस नारायणगावजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. एनजीसी १८५१ या तारकागुच्छात तिला सापडलेल्या पल्सारचा शोध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. सेकंदास सु. २०० वेळा फिरणारा हा तारा जोडीदारासह सु. १८·८ दिवसांत कक्षा पूर्ण करतो. स्पंदांच्या आगमनकालांचे आसंजन टेम्पो या संगणक कार्यक्रमाने करून, कक्षेचा अक्ष सावकाश वळतो त्यावरून, २००७ मध्ये दोहोंचे एकूण वस्तुमान सूर्याच्या सु. २·४५ पट ठरले. सुधारित दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून २०१९ मध्ये ते सु. २·४७ पट आले. त्यांत पल्सारचा वाटा सु. १·२५ व जोडीदाराचा सु. १·२२ होता.

संगणकाने श्रम वाचविले, निर्णय मात्र निरीक्षकाकडेच राहिला. जोडीदाराचे वस्तुमान समजले, तरी तो श्वेत लघुतारा आहे की न्यूट्रॉन तारा, हे केवळ त्या आकड्यावरून सिद्ध होत नाही.