दिनविशेष : २२ नोव्हेंबर
डॉ. रखमाबाई यांचा जन्म (१८६४)

भारतात प्रत्यक्ष वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या आद्य महिला डॉक्टरांपैकी एक असलेल्या डॉ. रखमाबाई यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचा विवाह दादाजी भिकाजी यांच्याशी झाला. तथापि त्या माहेरीच राहिल्या आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या आधाराने शिकत गेल्या. दादाजींनी १८८४ मध्ये वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा, म्हणजे पत्नीने नांदावयास यावे असा आदेश मिळवण्याचा, दावा दाखल केला. १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी तो फेटाळला; मात्र अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये सासरी जावे अथवा सहा महिने कारावास भोगावा असा निकाल लागला, तेव्हा असंमतीच्या विवाहापेक्षा कारावास पत्करण्याची तयारी त्यांनी दर्शवली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. या वादातून पेटलेली चर्चा १८९१ च्या संमतिवय कायद्याला, म्हणजे मुलींच्या शरीरसंबंधाच्या संमतीचे किमान वय दहावरून बारावर नेणाऱ्या कायद्याला, पोषक ठरली.

कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने त्या १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि लंडनच्या महिला वैद्यकीय विद्यालयात शिकून १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. पुढे सुरत व राजकोट येथील स्त्री-रुग्णालयांत त्यांनी दीर्घकाळ सेवा केली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.