पात्रयोजना, उत्स्फूर्त खेळांतील

ज्या खेळात संवाद आधी लिहिलेले नसतात, भूमिका घेणारा ते ऐनवेळी स्वतः रचतो, अशा खेळासाठी माणसे जमविण्याची व त्यांना भूमिका नेमून देण्याची रीत. मराठी रंगभूमीचा आरंभ अशाच खेळांनी झाला.

सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ हा खेळ केला. भाव्यांच्या खेळांत पद्ये रचलेली असत व ती सूत्रधार म्हणे. त्यांच्या अनुरोधाने गद्य भाषण मात्र ज्याचे त्याने करावयाचे. त्यामुळे रूप व आवाज यांइतकीच पुराणकथेची माहिती आणि समयसूचकता नटाच्या अंगी असावी लागे. रामाचे सोंग घेतलेल्याच्या तोंडून रामास न शोभणारा शब्द निघाला, तर तो मागे घेता येत नसे. राक्षसांची गोष्ट निराळी! आरडाओरडा व तलवारीचे हात एवढ्यावर त्यांचे भागे. म्हणूनच पुढे या खेळांना ‘अललडुर्र’ नाटके असे उपहासाने म्हटले जाऊ लागले.

नट मिळविणे हेच अवघड होते. तोंडाला रंग फासणे कमीपणाचे मानले जाई आणि स्त्रीवेष घेणाऱ्या मुलाच्या घरच्यांची समजूत घालणे तर कठीणच. संस्थानाचा आधार होता तोवर हे निभावले. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तल्यावर भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावे लागले.

दक्षिण कोकणातील दशावतारी मंडळींत संवाद पाठ करण्याची परंपरा नाही. आख्यान ठरले की भूमिका वाटल्या जातात. कथेचे सांधे तेवढे बोलून घेतात.

वि. ज. कीर्तने यांच्या ‘थोरले माधवराव पेशवे’ (१८६१) या नाटकापासून लिखित संहिता रूढ होत गेली. किर्लोस्कर मंडळीत १८८२ मध्ये भाऊराव कोल्हटकर आणि १९०५ मध्ये बालगंधर्व आले, ते प्रामुख्याने गळ्याच्या बळावर. संहितेने रंगभूमीस स्थैर्य दिले. नटाच्या बहुश्रुतपणाची गरज मात्र कमी केली.

उत्स्फूर्त भूमिकेची हीच रीत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या अमेरिकन बैठ्या खेळात आढळते. त्यात खेळाडू आपले पात्र स्वतः कल्पितो. घटना व इतर पात्रे सूत्रधार सांभाळतो. आंतरजालावर अपरिचितांबरोबर हे खेळ होऊ लागल्यापासून अनेक सूत्रधार इच्छुकांकडून पात्राचे पूर्ववृत्त, स्वभाव व सामर्थ्य लिहून मागवितात. ते कथानकात बसते काय, इतरांच्या पात्रांना वाव ठेवते काय, हे पाहून निवड होते. सुरेख लिहिणारा पुढे बैठकींना नियमित येईल, हे मात्र अर्जावरून कळत नाही.