कवडी, कण्हेर आणि काळजाचा ठोका

मंडळी, तुळजापुरात हृदयावर बोलायचं, तर आम्ही सुरुवात कवडीपासून करतो. आई भवानीच्या आराध्या-भुत्यांच्या गळ्यातली कवडी म्हणजे रसायनाच्या भाषेत कॅल्शिअम कार्बोनेट. बोअरचं पाणी उकळून उकळून पातेल्याच्या बुडाशी जो पांढरा थर धरतो, त्यातही कॅल्शिअमच. आपल्या शरीरातलं ९९ टक्के कॅल्शिअम हाडांत आणि दातांत असतं. उरलेल्या एका टक्क्यातल्या अगदी थोड्या अंशावर हृदयाचा प्रत्येक ठोका चालतो. हे माणसाला कळलं कसं, हा आजचा विषय. आम्ही तत्त्वज्ञानाचे शिक्षक, डॉक्टर नव्हे. त्यामुळे आमचा प्रश्न न्यायशास्त्राचा आहे. अमुक गोष्ट तमुकचं ‘कारण’ आहे, हे ठरवायचं कसं?

नैयायिकांनी त्यासाठी एक कसोटी दिली, अन्वय-व्यतिरेक. कारण असेल तिथे कार्य दिसलं पाहिजे, आणि कारण काढून घेतलं की कार्य थांबलं पाहिजे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सिडनी रिंगर नावाच्या डॉक्टरने नेमकं हेच केलं. न्यायसूत्रांची त्याला गरज पडली नाही, नळाच्या पाण्याने काम भागलं.

१८८२ साली रिंगर बेडकाचं हृदय क्षारांच्या द्रावणात ठेवून ते किती वेळ धडधडतं ते पाहत होता. द्रावण साध्या मिठाचं, तरी हृदय छान चालायचं. नंतर उलगडा झाला की द्रावणासाठी शुद्ध केलेलं पाणी वापरलेलंच नव्हतं. ते न्यू रिव्हर वॉटर कंपनीचं नळाचं पाणी होतं, म्हणजे आपल्या बोअरसारखं जड, कॅल्शिअमयुक्त. ऊर्ध्वपातित पाणी वापरताच हृदय मंदावून थांबू लागलं. त्यात कॅल्शिअम घातलं की पुन्हा आकुंचन सुरू. हा झाला अन्वय आणि हाच व्यतिरेक. १८८३ मध्ये रिंगरने आधीच्या निबंधाची ही दुरुस्ती स्वतःच छापली. आज गावोगावच्या दवाखान्यात ‘आरएल’ची बाटली लावतात ना, त्यातला ‘आर’ म्हणजे हाच रिंगर.

पण कारण सापडलं म्हणजे ते काम कसं करतं हे कळलं, असं नाही. त्याला पुढची जवळजवळ शंभर वर्षं लागली. हृदयाच्या पेशीबाहेर कॅल्शिअम जितकं असतं, त्याच्या सुमारे दहा हजाराव्या हिश्शाइतकंच ते विसाव्याच्या क्षणी पेशीच्या आत मोकळं असतं. पेशीच्या पातळ आवरणात प्रथिनांचे दरवाजे आहेत. विजेची लहर आली की कॅल्शिअमचा दरवाजा उघडतो आणि थोडं कॅल्शिअम आत शिरतं. ते आतल्या कोठाराला धक्का देतं आणि तिथून बरंच जास्त बाहेर पडतं. मग स्नायू आवळतो. ठोका संपला की हे सगळं आवरावं लागतं. बराचसा भाग कोठारात परत ओढला जातो. जितकं बाहेरून आलं, तितकं मुख्यतः एक अदलाबदल करणारं प्रथिन बाहेर टाकतं. सोडिअमचे तीन कण आत घ्यायचे, कॅल्शिअमचा एक बाहेर, असा त्याचा व्यवहार. हृदयातला हा व्यवहार रॉयटर आणि झाइट्झ यांनी १९६८ मध्ये दाखवला.

आता इथे आमच्यासारख्याला थबकायला होतं. आत आलेलं कॅल्शिअम कॅल्मोड्युलिन या छोट्या प्रथिनाला चिकटतं आणि ज्या दरवाजातून ते आलं, तोच दरवाजा मिटवायला लावतं. बाहेर टाकणाऱ्या प्रथिनाच्या आतल्या अंगालाही कॅल्शिअम चिकटतं आणि त्याला कामाला जुंपतं. म्हणजे पाहुणाच दार लावून घेतो आणि स्वतःच्या पाठवणीची तयारीही करतो. कारणाकडून कार्याकडे जाणारी सरळ रेषा इथे नाही, कार्य फिरून कारणाला आवर घालतं. हा आवर आहे म्हणून ठोक्यानंतर विसावा आहे, आणि विसावा आहे म्हणून पुढचा ठोका आहे.

आवर सुटला तर काय होतं, हे आपल्याकडे फार पूर्वी माहीत होतं. कण्हेरीचं संस्कृत नाव करवीर. कोल्हापूरलाही करवीर म्हणतात. तिचं दुसरं नाव अश्वमारक, म्हणजे घोड्याला मारणारी. सुश्रुताने तिची गणती मुळांच्या विषांत केली. तिकडे इंग्लंडात विल्यम विदरिंगने १७८५ मध्ये डिजिटॅलिस या तशाच गुणाच्या वनस्पतीवर पुस्तक लिहिलं आणि तीच गोष्ट औषध ठरली. ही द्रव्यं पेशीतलं सोडिअम बाहेर काढणारा पंप अडवतात. हा पंप येन्स स्कोऊने १९५७ मध्ये ओळखला आणि १९९७ मध्ये त्याला नोबेल मिळालं. सोडिअम आत साठलं की अदलाबदलीचा व्यवहार मंदावतो आणि कॅल्शिअम आतच राहतं. थोडं राहिलं तर ठोका जोमदार होतो, जास्त राहिलं तर ताल बिघडतो.

यातून एक तर्क निघाला आणि तो दिसायला बिनतोड होता. डिजिटॅलिसने आधीच कॅल्शिअम वाढलंय, वरून शिरेतून कॅल्शिअम दिलं तर हृदय आवळून दगड होईल. १९३६ मध्ये अशा दोन मृत्यूंची नोंद छापून आली होती. पुढे पाठ्यपुस्तकांनी इशारा पिढ्यान्‌पिढ्या दिला. पण रक्तात पोटॅशिअम धोकादायक वाढतं तेव्हा कॅल्शिअमचं इंजेक्शन जीव वाचवतं. म्हणजे इशारा चुकीचा असेल, तर त्याचीही किंमत रुग्णच मोजणार. २०११ मध्ये डिजिटॅलिसच्या विषबाधेच्या १५९ रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासून प्रसिद्ध झाल्या. त्यातल्या २३ जणांना कॅल्शिअम दिलेलं होतं. तासाभरात कुणाच्याही हृदयाचा ताल जीवघेणा बिघडला नाही, मृत्यूही जास्त आढळले नाहीत. संख्या लहान आहे, तेव्हा हा शेवटचा शब्द नव्हे. पण कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, याचा विसर विद्वानांनाही पडतो, हे त्यातून दिसतं. घडा घडताना कुंभाराचं गाढव अंगणात उभं असतं, म्हणून नैयायिक त्याला घड्याचं कारण मानत नाहीत. त्याला ते ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात.

मग आपण काय घ्यायचं? हृदयाला कॅल्शिअम लागतं हे खरं. म्हणून गोळ्या खाल्ल्या की हृदय बळकट होतं, हे त्यातून निघत नाही. रक्तातलं कॅल्शिअम शरीर स्वतःच काटेकोर राखतं. गोळी लागते की नाही, ते डॉक्टरांना ठरवू द्या. दुसरं, अंगणातली कण्हेर किंवा पिवळी बिट्टी पोराने चघळली, तर घरगुती उतारे शोधत बसू नका. झाडाची फांदी बरोबर घ्या आणि जिथे ईसीजीची सोय आहे अशा रुग्णालयात लगेच न्या. मूल हसत-खेळत दिसलं तरी न्या, कारण ताल नंतरही बिघडू शकतो.

आणि पुढच्या वेळी कुणी ‘यामुळे ते झालं’ असं ठासून सांगितलं, तर त्याला एवढंच विचारा, ‘हे काढून घेतल्यावर काय झालं, ते पाहिलंत का?’ रिंगरने पाहिलं होतं.