बोयनची जखम आणि माझा गळा

वर्षभरात बारा किलो उतरवले की कोणीतरी कौतुक करेल अशी माणसाची माफक अपेक्षा असते. मागच्या रविवारी मावशी आली आणि दारातच म्हणाली, "अरे, काय झालंय तुला? शुगर निघाली का?"

माझं वय ४४. पोट आत गेलंय हे खरं, आणि हनुवटीखाली कातडीची एक छोटी झोळी लोंबायला लागलीय हेही खरं. अजून सहा किलो उतरवायचेत. उतरवावेत की इथेच थांबावं, हा प्रश्न घेऊन वाचायला बसलो आणि नेहमीप्रमाणे भलत्याच शतकात जाऊन पोचलो.

पहिला भेटला विल्यम बँटिंग. लंडनचा माणूस, घराण्याचा धंदा राजघराण्यातल्या आणि बड्या लोकांच्या अंत्ययात्रांची व्यवस्था करण्याचा. (१८५२ साली ड्यूक ऑफ वेलिंग्टनला पोचवलं ते यांनीच.) १८६२ मध्ये हा पासष्टीचा गृहस्थ उंचीने ५ फूट ५ इंच आणि वजनाने २०२ पौंड, म्हणजे ९२ किलोच्या आसपास. बुटाची नाडी बांधता येईना. गुडघ्या-घोट्यांवर भार नको म्हणून जिना उलटा उतरायचा! कोणीतरी व्यायाम कर म्हणालं, तर रोज पहाटे होडी वल्हवली. त्याने ताकद आली पण भूक दुप्पट झाली. शेवटी कानाला कमी ऐकू येतं म्हणून हार्वे नावाच्या डॉक्टरकडे गेला. हा हार्वे पॅरिसला क्लोद बेर्नारची मधुमेहावरची व्याख्यानं ऐकून आलेला. त्याने कानाऐवजी ताटाकडे बघितलं आणि पाव, साखर, बटाटा, बिअर, दूध सगळं बंद केलं.

वर्षभरात बँटिंग १५६ पौंडांवर आला. कंबर १२ इंचांहून जास्त उतरली. त्याने १८६३ मध्ये पदरमोड करून पुस्तिका छापली आणि ती इतकी गाजली की 'बँटिंग' हे डाएटचं क्रियापदच झालं. स्वीडिश भाषेत आजही डाएट करण्याला 'बांटा' म्हणतात. स्वारी पुढे १८७८ पर्यंत जगली.

मला रस होता तो दोन बारकाव्यांत. एक, ४६ पौंड उतरवायला त्याने वर्ष घेतलं, म्हणजे आठवड्याला एक पौंडसुद्धा नाही. दोन, तिन्ही वेळच्या जेवणात मटण किंवा मासा होताच. हे दोन्ही त्याने कातडीसाठी केलं नव्हतं. का उपयोगी, ते पुढे येतंच.

कातडीसाठी अजून शंभरेक वर्षं मागे जावं लागतं, एका जहाजावर. १७४० ते १७४४ या काळात कमोडोर अॅन्सनच्या ताफ्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि त्यातली बहुतेक माणसं वाटेत मेली, मुख्यतः स्कर्व्हीने. त्या सफरीच्या वृत्तांतात एका खलाशाची नोंद आहे. आयर्लंडमधल्या बोयनच्या लढाईत, १६९० साली, तो जखमी झाला होता. जखमा केव्हाच भरलेल्या. स्कर्व्ही झाल्यावर त्या पन्नास वर्षांनी पुन्हा उघडल्या!

मी हे दोनदा वाचलं. कारण आज कळतं ते असं: जखमेचा व्रण कोलॅजनचा असतो आणि ते कोलॅजन कायम तुटत आणि नव्याने विणलं जात असतं. विणायला क जीवनसत्त्व लागतं. ते संपलं की तुटणं चालू राहतं, विणणं थांबतं. थोडक्यात, कातडीचं काम कधीच 'डिलिव्हर' होत नाही, जन्मभर मेंटेनन्स चालूच.

हे कोलॅजन दिसतं कसं, ते शोधलं आपल्या मद्रासमध्ये. जी. एन. रामचंद्रन १९५२ मध्ये, तिशीही पुरी नसताना, मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख झाले. त्याच गावातल्या चर्म संशोधन संस्थेकडून कांगारूच्या शेपटीतली कंडरा मिळवली, क्ष-किरणांची छायाचित्रं काढली आणि गोपीनाथ कर्ता यांच्याबरोबर १९५४ साली 'नेचर'मध्ये मांडलं की ही तीन साखळ्यांची रचना आहे. पुढच्या वर्षी त्यात सुधारणा केली: तिन्ही साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या. सरळ तिपेडी दोर! दर तिसरा मणी ग्लायसिनचा, कारण आतल्या चिंचोळ्या जागेत तेवढाच मावतो. (इतका मोठा दोर क्रीम चोळून कातडीत शिरेल असं ज्यांना वाटतं त्यांना माझ्या शुभेच्छा.)

आता वाईट बातमी. दोर ताकद देतो. ताणल्यावर परत जागेवर येणं हे काम इलॅस्टिन नावाच्या दुसऱ्या धाग्याचं. तो बहुतेक सगळा जन्माआधी आणि बालपणी तयार होतो, मग जवळजवळ नाहीच. ऊन आणि सिगरेट त्याची वाट लावतात. त्यात कातडी किती वर्षं ताणलेली होती हाही हिशेब असतो, आणि बायकांमध्ये पाळी गेल्यावर कोलॅजनही झपाट्याने घटतं. पंचविशीत पोट उतरलं की कातडी मागोमाग जाते, चव्वेचाळिशीत ती रेंगाळते, ते यामुळे.

मग हातात काय उरलं? कातडीखालचा स्नायू. घाईने, अर्धपोटी राहून वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातो आणि जागा दोन्हीकडून रिकामी होते. हळू उतरवल्याने कातडी आवळतेच असा दावा मी करणार नाही. पण स्नायू वाचतो, आणि त्यासाठी दर जेवणात प्रथिनं हवीत (मटण नको तर अंडी, पनीर, डाळ-उसळ जरा जास्त) आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलायला हवीत. दंड, मांड्या, छाती यांना याचा फायदा दिसतो. गळ्याला फारसा नाही, तिथे भरायला स्नायूच केवढा! खूपच कातडी उरली तर शस्त्रक्रिया. बाल्टिमोरच्या हॉवर्ड केलीने पोटावरची लोंबणारी चरबी आणि कातडी कापून काढली, त्यालाही आता सव्वाशे वर्षं झाली. माझ्या झोळीला एवढा मान द्यायची गरज नाही.

तुम्ही तिशीतले असाल तर बाइकवरून जाताना गळ्यालाही सनस्क्रीन लावा. मी कधी लावलं नाही.

सहा किलो उतरवायचे ठरवलंय, पंधरवड्याला अर्धा, म्हणजे सहा महिने लागतील. शुगरचा रिपोर्ट नॉर्मल आहे असं मावशीला फोन करून कळवलं. ती म्हणाली, "मग जरा तूप खात जा."