भेगा आधीच्या, खदान नंतरची

मेहकर आणि लोणारच्या मधल्या माळावर तुम्ही उभे आहात, पण माळ अजून झालेला नाही. आजपासून सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षं मागे आला आहात. जमीन लांबच लांब फाटली आहे आणि त्या फटींतून लाव्हा सपाटीवर पसरतो आहे. तापलेल्या दुधावर साय धरावी तशी त्याच्यावर काळी कातडी धरते. थोडं लांबच थांबा, त्याला निवू द्या.

निवताना खडक आकसतो आणि आकसताना फाटतो. वरून भेगा खाली उतरतात, खालून वर चढतात. पाच-सहा कोनांचे खांब एकमेकांना खेटून उभे राहतात. मधल्या फटीत सुरीचं पातंही जाणार नाही, तरी फट आहेच. पुढे कोणी इथे खदान काढली तर तिचा कडा कुठून सुटेल, हे आत्ताच ठरतं आहे.

मग लाव्हा थांबतो. दगड पावसात कुजतो, त्याची लाल माती होते. पुन्हा लाव्हा येतो, ती माती भाजून तिच्यावर बसतो. दोन काळ्या थरांमध्ये गेरूच्या रंगाचा पट्टा राहतो, कुठे वीतभर, कुठे पुरुषभर. कोरडा असताना तो घट्ट दिसतो, ओला झाला की हाताने सुटतो.

आता लोणारला या. उल्का कधी पडली, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. एका मोजणीत 52 हजार वर्षं आली, दुसऱ्या मोजणीत 5 लाख 70 हजार. म्हणून आपण धूळ खाली बसल्यावरच उतरू. समोर 1.8 किलोमीटर रुंदीचा खड्डा आहे. काठावरचे थर पाहा. धक्क्याने ते उचलले गेले आणि बाहेरच्या बाजूला कलले. ही फार मोलाची गोष्ट आहे. तेच थर खड्ड्याकडे कलले असते, तर ओल्या लाल पट्ट्यावरून वरचा खडक आत घसरायला वाट मिळाली असती. कडा पाहताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो: थरांचा कल पोकळीकडे की डोंगराच्या पोटात?

आणखी पुढे चला. लोणार गावात दैत्यसूदनाचं देऊळ उभं राहतं आहे. पाथरवट दगडावर हातोडी मारतो आणि कान देतो. खणखणीत वाजला तर ठेवतो, बद्द वाजला तर बाजूला सारतो. हातोडी आजही अभियंत्याच्या पिशवीत असते, बरोबर कल मोजायचा कंपास.

1961 साली धातुखाणींचे नियम आले, दगडाच्या खदानींनाही लागू होणारे. कठीण खडकात बेंच, म्हणजे कड्याची पायरी, सहा मीटरपेक्षा उंच नको. मुरमाचा उतार 45 अंशांच्या आत, नाहीतर दीड मीटरच्या पायऱ्या. काठापासून तीन मीटरच्या आत झाड नको, सुटा दगड नको. आणि कडा खालून पोखरायचा नाही.

आता आजच्या खदानीत उतरा. पावसाळा नुकताच सरला आहे. क्रशर चालू आहे, गिट्टीसाठी टिप्पर रांगेत उभे आहेत. "काही होत नाही साहेब, काळा दगड हाये," मुकादम म्हणतो. त्याच्या हातातला तुकडा खरंच पक्का आहे. भिंत पडते ती तुकड्यामुळे नव्हे, दोन तुकड्यांमधल्या फटीमुळे. इथले थर जवळपास आडवे, म्हणून अख्खा थर घसरायची भीती कमी; खांब पुढे कलंडायची जास्त. लाल पट्टा झिजून आत गेला आहे, वरचे खांब अधांतरी आहेत. पट्ट्याच्या वरच्या रेषेतून पाणी झिरपतं आहे. एका फटीत पिंपळाचं मूळ मनगटाएवढं झालं आहे. सुरुंगाच्या प्रत्येक दणक्याने या फटी थोड्या थोड्या उघडल्या. वर चढून पाहा: काठापासून चार पावलं मागे, काठाला समांतर, मुरमात एक नवी भेग आहे. ही भेग दिसली की वाद घालायचा नाही.

पोकलेन मागे घ्यायला सांगा. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका, रोज सकाळी त्यांच्यातलं अंतर टेपने मोजून वहीत लिहा. पाणी काठावरून वळवा. अधांतरी खांब वरून, लांब हाताच्या मशिनने उतरवा, तोवर सुरुंग बंद. टिप्पर रिकामे राहिले तर राहू द्या.

आणि हे सगळं करायच्या आधी एक काम. दुपारी या उघड्या माळावर सावली असते ती फक्त कड्याच्या पायथ्याशी. बायामाणसं तिथेच डबे सोडून बसतात. त्यांच्यासाठी क्रशरच्या पलीकडे, कड्यापासून लांब, आजच पत्र्याची शेड टाकून घ्या.