दोन तीरांवरचे एक नाव : नार्वे

ग्रामनामांचा विचार करताना एका नावामागे एकच गाव असावे असे आपण सहसा गृहीत धरतो. परंतु ज्या भूमीत प्रत्यक्ष देवांनाच आपली स्थाने सोडावी लागली, तेथे हा हिशेब जुळत नाही. मांडवीच्या पात्रातील दिवाडी बेटावर एक नार्वे आहे. तेथून फेरीबोटीने पलीकडे डिचोली तालुक्यात उतरावे, तो गाव पुन्हा नार्वेच! नार्वेकर आडनावाच्या गृहस्थास 'कोणते नार्वे?' हा प्रश्न म्हणूनच कधी ना कधी ऐकावा लागतो.

या दोन्ही तीरांना जोडणारे दैवत म्हणजे श्री सप्तकोटेश्वर. गोव्याच्या कदंब राजांचे हे आराध्यदैवत. त्याच्या वरप्रसादाचा उल्लेख ते आपल्या बिरुदांत अभिमानाने करीत व सुवर्णनाण्यांवरही तो कोरीत. हे कदंबकालीन देवालय दिवाडीच्या नार्व्यास होते. बहामनी अमलात त्याचा विध्वंस झाला. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात विजयनगरच्या माधव मंत्र्याने देवाची पुनःस्थापना केली. पुढे १५४० च्या सुमारास पोर्तुगीजांनी तिसवाडीतील देवळे पाडण्यास आरंभ केला, त्यात हे स्थानही गेले. पाडाव झालेले लिंग विहिरीवर पाणी ओढण्याच्या कामी लावले होते, असे परंपरा सांगते. तेथून ते भाविकांनी पैलतीरी नेले.

पैलतीरीच का, याचे उत्तर तत्कालीन सरहद्दीत आहे. डिचोलीचा मुलूख त्या वेळी आदिलशाहीत होता. नव्या काबिजादीचे हे महाल पोर्तुगीजांकडे गेले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. पेडणे तर १७८८ मध्ये. तोवर देवळे पाडण्याचा काळ सरला होता. अशा प्रकारे एक नदी ओलांडताच देवाला आश्रय लाभला. नव्या स्थानी, हिंदळे येथे, शिवछत्रपतींनी देवालयाच्या बांधकामास आरंभ केल्याचे तेथील शिलालेख सांगतो : शके १५९०, कार्तिक कृष्ण पंचमी, सोमवार; म्हणजेच १३ नोव्हेंबर १६६८. याच वास्तूचे जतनकार्य पूर्ण होऊन २०२३ मध्ये ती भाविकांसाठी पुन्हा खुली झाली.

यावरून एक गोष्ट ध्यानी येईल. कदंबांच्या काळचा 'नार्व्याचा सप्तकोटेश्वर' म्हणजे दिवाडीचा, आणि शिवकालातील 'नार्व्याचा सप्तकोटेश्वर' म्हणजे डिचोलीचा. देव एक, नाव एक, भूमी मात्र दोन. हिंदळ्याच्या देवालयालाच कदंबांचे मूळ देऊळ समजणारे लेखन अधूनमधून आढळते, ते या नामसाम्यामुळे.

अन्यत्र असे घडले नाही असे नव्हे. श्री म्हाळसा वेर्ण्याहून प्रियोळास आली, तेव्हा 'म्हार्दोळ' हे नावही तिच्या पालखीमागून आले. श्री मंगेशाने मात्र कुशस्थळीचे नाव मागे ठेवले आणि नव्या ठिकाणाला स्वतःचेच नाव दिले. नार्व्याची कथा या दोहोंहून निराळी आहे; कारण येथे दोन्ही तीरांनी आपापले नाव आजवर सांभाळले आहे.

महाजन कुटुंबांना हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. महाजनांच्या नोंदवहीत पूर्वजांपुढे गावाचे नुसते नाव लिहिलेले असते. वारसाची नोंद करताना वा कुलवृत्तांत लिहिताना त्या एका शब्दावर पुढील पिढीची समजूत अवलंबून राहते. म्हणून विनंती अशी की, यापुढे 'नार्वे, दिवाडी' किंवा 'नार्वे, डिचोली' असे स्पष्ट लिहावे, व जुन्या कागदातील उल्लेख त्याच्या सालाकडे पाहून वाचावा.

आणि 'खरे नार्वे आमचेच' हा आग्रह दोन्हीकडच्यांनी सोडावा. दिवाडीच्या नार्व्यात आज राहणारी ख्रिस्ती कुटुंबेही त्याच गावाची लेकरे आहेत. त्या तीरावर देवाचे मूळ स्थान होते, या तीरावर त्याला निवारा मिळाला. गोकुळाष्टमीच्या तीर्थस्नानाला नार्व्यास जाणाऱ्या प्रत्येकाने पलीकडच्या नार्व्यालाही हात जोडावेत, एवढेच श्रीचरणी मागणे.