पानातले शेवटचे चार घास

पानात वाढलेले टाकू नये, हा संस्कार आपल्याकडे घरोघर लहानपणीच होतो. त्यामागे अन्नाविषयी आदर असतो, आणि ज्यांना ते मिळत नाही त्यांची आठवणही असते. परंतु हा संस्कार घरातून शाळेत गेला, आईच्या जागी शिक्षक आले आणि वर्गातील सगळी पाने एकाच मापाने भरू लागली, म्हणजे त्याचे रूप कसे पालटते, हे जपानमधील शालेय भोजनाच्या इतिहासावरून चांगले समजते.

या भोजनाचा उगम दयाबुद्धीत आहे. 1889 साली यामागाता प्रांतातील त्सुरुओका येथे बौद्ध भिक्षूंनी चालविलेल्या एका शाळेत, घरून डबा आणणे ज्यांना परवडत नव्हते अशा मुलांना भाताचे मुटके, भाजलेला खारा मासा आणि लोणचे देण्यात येऊ लागले. 1932 मध्ये गरीब मुलांच्या भोजनासाठी राष्ट्रीय तिजोरीतून प्रथमच अनुदान मिळाले. पुढे महायुद्धात अन्नाची टंचाई इतकी वाढली की ही व्यवस्था बहुतेक ठिकाणी कोलमडली.

पराभवानंतरच्या उपासमारीत तिचा पुनर्जन्म झाला. अमेरिकेतील धार्मिक व सेवाभावी संस्थांनी पाठविलेल्या धान्यसामग्रीच्या आधारावर 24 डिसेंबर 1946 रोजी तोक्यो, कानागावा आणि चिबा येथे शालेय भोजन पुन्हा सुरू झाले. त्या दिवसाचे स्मरण आजही होते. मात्र डिसेंबरात शाळांना सुटी असल्यामुळे शालेय भोजन सप्ताह 24 जानेवारीपासून पाळतात. त्या काळी मुलांच्या वाट्याला आले ते मुख्यतः साय काढलेल्या दुधाच्या भुकटीचे दूध. त्याच्या वासाने भुकेलेली मुलेही तोंड फिरवीत, आणि नाक दाबून ते प्यायल्याच्या आठवणी त्या पिढीतील अनेकांनी सांगितल्या आहेत. तरीही ते प्यावेच, असे म्हणणाऱ्या शिक्षकाला त्या दिवसांत कोण दोष देईल? दुधाचा तो पेला कित्येकांचा जीवनाधार होता.

1951 मध्ये शांतता-करार झाला, अमेरिकन निधी आटला आणि भोजन बंद पडण्याची वेळ आली. ते चालू राहावे म्हणून देशभर चळवळ झाली आणि 1954 मध्ये शालेय भोजनाचा कायदा संमत झाला. या कायद्याने भोजनाला शिक्षणाचे अंग मानले. मुलांनी पांढरे अंगरखे व टोप्या घालून आळीपाळीने एकमेकांना वाढावे, शिक्षकाने वर्गातच त्यांच्या पंक्तीला बसावे, ही सुंदर प्रथा रुजली. परंतु याच गुणात एका दोषाचे बीज होते. जेवण हा पाठ ठरला की उरलेले अन्न हा अपुरा राहिलेला पाठ ठरतो. ताट पूर्ण संपवून घेण्याच्या या शिस्तीला जपानीत ‘कान्शोकु शिदो’ असे नावच पडले. इतर मुले मैदानावर गेली, वर्गाची झाडलोट सुरू झाली, तरी एखादे पोर थंडगार झालेल्या भाजीसमोर डोळ्यांत पाणी आणून बसलेले असे. दुष्काळ संपून सुबत्ता आली. नियम मात्र दुष्काळाचाच राहिला.

सरकारी कामाचा ज्यांना परिचय आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. उरलेले अन्न तराजूत घालता येते, त्याचा तक्ता करता येतो, वर्गावर्गांत चढाओढ लावता येते. एका मुलाची भूक किती, हे कोणत्याही तक्त्यात बसत नाही. डिसेंबर 2012 मध्ये तोक्योनजीकच्या एका शाळेत, दूध ज्या मुलीच्या शरीराला वर्ज्य होते अशा अकरा वर्षांच्या विद्यार्थिनीने एक पदार्थ पुन्हा मागून घेतला. त्यात चीज होते, आणि ती दगावली. तिच्यावर कोणी बळजबरी केली नव्हती. वाढताना यादी नीट पाहिली गेली नाही, हे प्रत्यक्ष कारण. पण वर्गात काहीही उरू नये, असा त्या वर्गाचा संकल्प होता. या घटनेनंतर 2015 मध्ये शिक्षण मंत्रालयाने, भोजनात सुरक्षितता सर्वांत आधी पाहावी, अशी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली.

सक्तीने निदान खाण्याची सवय तरी लागते काय? अमेरिकेतील लीॲन बर्च व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ताट संपविण्यावर ज्यांचे लक्ष वळविले होते त्या मुलांना आपले पोट भरल्याची खूण ओळखणे कठीण गेले. 2006 मधील अभ्यासात तर ‘सूप संपव’ असा लकडा लावलेल्या मुलांनी ते कमीच घेतले आणि त्याला नावेही अधिक ठेवली.

आपल्या देशातही हा विचार अप्रस्तुत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 28 नोव्हेंबर 2001 च्या आदेशानंतर शिजविलेले माध्यान्ह भोजन हा सरकारी शाळांतील मुलांचा हक्क झाला. ते प्रत्येक मुलापर्यंत पोहोचविणे, हे पहिले कर्तव्य. त्या पंक्तीत मुलाला निर्भयपणे जेवता यावे, हे दुसरे. अन्नाची नासाडी थोपवायची ती कशी, याचे उत्तर जपानमधीलच अनेक शाळांनी दिले आहे. तेथे जेवण सुरू होण्यापूर्वी मूल आपल्या ताटातील वाटा कमी करून घेऊ शकते, आणि ज्याला अधिक हवे तो मागाहून घेतो. आपल्या पंगतीतील जाणती माणसे वाढप्याला हेच सांगत आली आहेत : आधी थोडे वाढा, लागेल तसे मागून घेऊ.